हजेरीपट की प्रगतिपुस्तक?

समजा, सुट्टीच्या दिवशी तुम्ही तिघं ऑनलाइन खेळायला बसला आहात. गडी लागतात चार. इतक्यात कुणीतरी अनोळखी चौथा येतो. तुमच्या नावांपुढे आकडे आहेत ९०, ८५, ११०. आणि त्याच्या नावापुढे? फक्त ७! लगेच तुमच्यातलं कुणीतरी ओरडतं, "शी, सात? काढा रे त्याला!" एक बटण दाबलं की बिचारा बाहेर. खेळ सुरू व्हायच्या आधीच त्याची परीक्षा झाली, निकाल लागला आणि तो नापासही झाला!

आता मला सांगा, त्या सातच्या आकड्यानं नेमकं काय मोजलं होतं? त्याचं कौशल्य?

उत्तर शोधण्याआधी जरा बुद्धिबळाकडे जाऊ या. बुद्धिबळपटूंचं 'रेटिंग' तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. ही पद्धत बसवली आर्पाड ईलो यांनी. ते जन्मानं हंगेरियन, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वतः पट्टीचे बुद्धिबळपटू. १९६० साली अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेनं ही पद्धत स्वीकारली आणि १९७० साली 'फिडे' या जागतिक संघटनेनं. तिची गंमत अशी, की ती आधी अंदाज बांधते. दोघांच्या रेटिंगमध्ये २०० गुणांचा फरक असेल, तर वरच्यानं शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, असं तिचं गणित सांगतं. अंदाजापेक्षा चांगलं खेळलात, तर रेटिंग वाढतं. वाईट खेळलात, तर घसरतं. अगदी जगज्जेत्याचंही घसरतं, बरं का!

हे 'घसरतं' महत्त्वाचं आहे. कुठलाही आकडा समोर आला की एकच प्रश्न विचारा: हा आकडा कधी खाली येतो का? येत असेल, तर तो प्रगतिपुस्तकासारखा आहे. या महिन्यात गणितात ८०, पुढच्या महिन्यात ६५. आणि नुसता वर वर चढत असेल, तर तो हजेरीपट आहे. शाळेत किती दिवस आलात, एवढंच तो सांगतो. गणित आलं की नाही, ते नाही सांगत.

बुद्धिबळात समोर एकच प्रतिस्पर्धी असतो. पण संघ विरुद्ध संघ असेल तर? जिंकले चौघं, मग त्यांतला चांगला कोण? हे कोडं सोडवायला मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास 'ट्रूस्किल' नावाची पद्धत तयार केली. ती प्रत्येक खेळाडूबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवते. एक, त्याचं कौशल्य किती असावं. आणि दोन, आपल्याला त्याची खात्री किती. नव्या खेळाडूबद्दल ती जणू म्हणते, "याच्याविषयी मला अजून फारसं माहीत नाही." वेगवेगळ्या साथीदारांबरोबर तो खेळत गेला, की तिचा अंदाज पक्का होत जातो. पाहा, यंत्रसुद्धा नवख्याला लगेच नापास करत नाही!

मात्र या दोन्ही पद्धतींना हार-जीत लागते, समोर कुणीतरी लागतं. सहकारी खेळात सगळे एकाच बाजूला, आणि समोर नुसता संगणक. शिवाय खेळ सोपा हवा की अवघड, हेही आपणच ठरवायचं. मग मोजायचं काय? बहुतेक खेळ मोजतात ती हजेरी.

'डीप रॉक गॅलॅक्टिक' हा डेन्मार्कमध्ये तयार झालेला, २०२० साली पूर्ण स्वरूपात आलेला खेळच घ्या. हिमगौरीच्या गोष्टीतल्यासारखे चार बुटके एका परग्रहावर खाणीत उतरतात. मोहिमा करत गेलं की एकेका बुटक्याची पातळी वाढत जाते. ती २५ झाली की त्याला बढती मिळते आणि तो पुन्हा पहिल्या पातळीवर येतो. खेळाडूची एकूण रँक मात्र चढतच राहते. धोक्याच्या पातळ्या पाच. अवघड पातळीवर जास्त गुण मिळतात हे खरं, पण सोप्या पातळीवर रोज खेळत राहिलं तरी रँक वाढतेच.

'वॉरफ्रेम' या कॅनडातल्या खेळाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे एखादं हत्यार पहिल्यांदा वापरून त्याची पातळी वाढवलीत, की त्याचे गुण मिळतात. पुन्हा तेच हत्यार घेऊन कितीही शौर्य गाजवा, त्याचे गुण पुन्हा नाहीत. म्हणजे तिथली रँक सांगते, की तुम्ही किती वस्तू वापरून पाहिल्या. वरच्या रँकसाठी परीक्षाही असते, पण ती द्यायची एकट्यानं! खेळ चौघांचा आणि परीक्षा एकट्याची.

मग चौघांच्या खेळातलं खरं कौशल्य कुठे दिसतं? पुन्हा त्या खाणीत उतरू. उंच भिंतीवर सोनं चमकतंय. एका बुटक्याकडे वर झेपावायचा गळ आहे, पण पाय ठेवायला जागा नाही. चांगला साथीदार न सांगता सोन्याच्या खाली एक फळी बसवतो. पुढे गोळ्या संपतात. ८० नायट्रा हे खनिज गोळा केलं, की रसदीची एक कुपी मागवता येते. तिच्यात वाटे चारच. स्वतःची बंदूक अर्धी भरलेली असताना दुसरा वाटा कोण उचलतो आणि "तू घे, तुझ्याकडे काहीच नाही" असं कोण म्हणतो? कुणी जखमी होऊन पडला, तर त्याला उठवायला माघारी कोण धावतो? रँक ७ चा मुलगाही हे करू शकतो. रँक ३०० चा महारथी कदाचित करणार नाही. नावापुढच्या आकड्यावरून ते कळत नाही.

म्हणून रँकला काहीच किंमत नाही, असं समजू नका हं. ज्याची हजेरी भरपूर, त्यानं बऱ्याच गुहा पाहिलेल्या असतात. कुठला किडा कसा हल्ला करतो, हे त्याला ठाऊक असतं. पण आकडा फसवूही शकतो. ताईच्या खात्यावर धाकटा भाऊ खेळत असेल, तर रँक ताईची आणि गोंधळ भावाचा! उलट जुना, मुरलेला खेळाडू नवीन खातं उघडून बसला असेल, तर त्याची रँक एक.

तेव्हा पुढच्या वेळी नावापुढे ७ दिसले, तर बटणावरचं बोट काढा. खाण फार अवघड वाटत असेल, तर एक पातळी खाली या, किंवा सरळ त्याला सांगा, "आमच्या मागे मागे राहा, दाखवतो." तुमच्यापुढचा आकडाही एक दिवस सातच होता. तेव्हा कुणी ते बटण दाबलं नाही, म्हणून तो नव्वद झाला.

आणि आईबाबा, दोन शब्द तुमच्यासाठीही. खेळावर दिलेली वयाची अट तुम्ही पाहालच. पण मूल रात्री उशिरापर्यंत "फक्त एक रँक वाढू दे ना" म्हणत बसलं, तर हजेरीपट कधी भरत नसतो, हे त्याला समजावून सांगा. आणि "आज कितवी रँक?" असं न विचारता "आज कुणाला उठवलंस? तुला कुणी उठवलं?" असं विचारून पाहा. गप्पा जास्त रंगतील.

आता या आठवड्याचा गृहपाठ. पुढचे तीन खेळ कुणाचाही आकडा न पाहता खेळा. प्रत्येक खेळानंतर वहीत लिहा: सगळ्यात उपयोगी साथीदार कोण ठरला आणि का? मगच आकडे पाहा. दोन्ही याद्या जुळतात का, ते आम्हाला जरूर कळवा. जुळल्या तरी कळवा, आणि नाही जुळल्या तर नक्कीच!