शिळी फाईल

मंडळी, गेले दोन आठवडे इथे काही लिहिलं नाही. एका पेनड्राइव्हपायी डोकं तापलं होतं.

आमच्या वसईत पावसाचं आणि लाईटचं फारसं पटत नाही. (जुलै २०१८ चा पूर आठवतोय ना?) मी अधूनमधून मदतीला जाते त्या वाचनालयात लाईट गेले की लॅपटॉपच्या बॅटरीवर देवघेव चालते. नेट नसतं, म्हणून नोंदी एका फाईलीत साठवायच्या आणि लाईट आले की मुख्य कॉम्प्युटरवर चढवायच्या. सोय उत्तम. पण झालं असं, की चढवून झालेली फाईल पेनड्राइव्हवर तशीच राहिली आणि पुढच्या खेपेला नव्या फाईलबरोबर तीही चढली. मधल्या दिवसांत आठवीतल्या एका मुलीने फास्टर फेणेचं पुस्तक परत केलं होतं. शिळ्या नोंदीने ते पुन्हा तिच्या नावावर टाकलं!

"मी दिलंय," ती म्हणत होती. काउंटरवरचा मुलगा (माझाच विद्यार्थी) मला म्हणतो, "बाई, कॉम्प्युटर दाखवतोय ना!" पुस्तक कपाटातच सापडलं, पाच मिनिटांत. तोवर ती निघून गेली होती. त्यानंतर आलेली नाही.

पूर्वी ब्राऊन पद्धत होती. पुस्तकाचं एकच कार्ड. पुस्तक नेलं की ते सभासदाच्या खिसापट्टीत जायचं, परत आलं की पुन्हा पुस्तकात. एकच कार्ड दोनदा बाहेर जाणार कसं? फाईलीच्या मात्र हव्या तेवढ्या नकला निघतात.

सगळे म्हणतात, माणसाने लक्ष ठेवावं. मला नाही पटत. अंधारात, गर्दीत माणूस चुकणारच. अडवायला प्रोग्राम हवा. प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक आणि वेळ असावी. तोच क्रमांक पुन्हा आला तर सरळ नाकारावा. आणि त्या पुस्तकाचा एखादा व्यवहार नोंदीच्या नंतर झालेला दिसला, तर थांबून विचारावं. (लॅपटॉपचं घड्याळही बरोबर हवं. आमचा, बॅटरी पार उतरली की भलत्याच सालात जातो.) न्यूझीलंडमधल्या एका वाचनालयात २००० साली सुरू झालेली 'कोहा' ही फुकट मिळणारी प्रणाली आहे. तिच्यात अशा नोंदी थेट न चढवता रांगेत ठेवून, बघून मग मान्य किंवा रद्द करायची सोय केलेली आहे. मला तर ती रांगच सक्तीची करावीशी वाटते. पाच मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

तोवर आम्ही चढवलेली फाईल लगेच 'झालेल्या' नावाच्या फोल्डरात हलवतो आणि वहीत सही करतो. वही बघून नातू हसला. हसू दे.

उद्या शाळा सुटायच्या वेळी तेच पुस्तक घेऊन फाटकाशी उभी राहणार आहे. बघू, बोलते का माझ्याशी.