पोटात बाळ आहे म्हणून आईचा फोटो काढायचा नाही?

बाईक घसरते. मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली बाई रस्त्यावर आपटते. पाच महिन्यांची गरोदर. डोक्याला मार, पोटात कळ, कंबर हलवता येत नाही. कॅज्युअल्टीतला डॉक्टर सीटी स्कॅन लिहून देतो आणि तिथून पुढचा अर्धा-पाऊण तास एकाच वाक्यात जातो. ‘पोटात बाळ आहे, फोटो काढू नका.’ हे कधी सासूबाई म्हणतात, कधी नवरा. कधी एक्स-रे काढणारा तंत्रज्ञही म्हणतो. काही ठिकाणी डॉक्टरही हात झटकून ‘पुढं न्या’ म्हणतो आणि १०८ पुन्हा बोलावली जाते. या सगळ्यात त्या बाईला कुणी काही विचारलेलं नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. अशा वेळी बाळाला खरा धोका स्कॅनचा नसतो. तो स्कॅन न करण्याचा असतो.

एक्स-रेच्या खोलीबाहेर पोट पुढं आलेल्या बाईचं चित्र असलेली पाटी असते. त्या पाटीचा अर्थ ‘गरोदर असाल तर आधी सांगा’ एवढाच आहे. आपण मात्र ती ‘गरोदर बाईला इथं बंदी’ अशी वाचतो. सांगायचं कशासाठी? तर डॉक्टरनं विचार करावा, दुसरा उपाय आहे का ते पाहावं, किरणं कमीत कमी वापरावीत. दार बंद करावं म्हणून नव्हे.

ही भीती हवेतून आलेली नाही, हेही कबूल केलं पाहिजे. अॅलिस स्टुअर्ट या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी १९५६ साली कर्करोगानं दगावलेल्या मुलांच्या आयांना प्रश्नावली देऊन माहिती गोळा केली. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे झालेल्या आयांच्या मुलांमध्ये कर्करोगाचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. त्या काळी बाळ कसं आहे, कमरेची हाडं पुरेशी रुंद आहेत का, हे पाहायला सर्रास एक्स-रे काढत. स्टुअर्टबाईंचं कितीतरी वर्षं कुणी ऐकलं नाही. एका बाईनं आयांना विचारून काढलेला निष्कर्ष पचायला वैद्यकीय जगाला वेळ लागला. त्याआधी हिरोशिमा-नागासाकीत पोटात असलेल्या मुलांपैकी काहींची डोकी लहान राहिली, बुद्धीची वाढ खुंटली. सर्वाधिक फटका ८ ते १५ आठवड्यांच्या गर्भांना बसला.

पण प्रश्न ‘किती?’ हा आहे, आणि आपल्याकडे तो कुणी विचारत नाही. गर्भाला मिळणारी किरणांची मात्रा मिलिग्रेमध्ये मोजतात. माती, दगड, आकाश, अन्न यांतून नऊ महिन्यांत प्रत्येक गर्भाला अर्धा ते एक मिलिग्रे मिळतच असतो. आईच्या छातीच्या एक्स-रेत गर्भाला मिळणारी मात्रा एका मिलिग्रेच्या शंभराव्या हिश्श्याहून जास्त नसते. डोक्याच्या किंवा मानेच्या सीटीतही तेवढीच. किरणं डोक्यावर पडतात, बाळ पोटात असतं, मध्ये हातभर अंतर. पोटाच्या सीटीत ती १ ते ३५ मिलिग्रे, ओटीपोटाच्या सीटीत १० ते ५० मिलिग्रेपर्यंत जाऊ शकते. गर्भपात किंवा व्यंगाचा धोका वाढल्याचं ५० मिलिग्रेच्या खाली दिसत नाही, असं अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. म्हणजे हात मोडला, डोकं फुटलं, बरगडीला मार लागला, तर तिथल्या एक्स-रेसाठी घासाघीस करण्यात अर्थच नाही. विचार करायचा तो फक्त पोट-ओटीपोटाच्या सीटीचा.

तिथं थोडा धोका आहे, आणि तो लपवू नये. १० ते २० मिलिग्रेनं मुलाला पुढे रक्ताचा कर्करोग होण्याची शक्यता दीड ते दोन पट होऊ शकते. ‘दुप्पट’ ऐकलं की छातीत धस्स होतं. पण मुळात तो तीन हजार मुलांत एखाद्याला होतो. दीडपट म्हणजे दोन हजारांत एक. आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. फुटलेली प्लीहा, मोडलेल्या कंबरेतून आत झिरपणारं रक्त.

गरोदर बाईच्या अंगात रक्त ४० ते ५० टक्के जास्त असतं. त्यामुळे बरंच रक्त गेलं तरी तिचं बीपी ठीक दिसतं, ती बोलते, पाणी मागते, घरचे म्हणतात ‘काही नाही, शुद्धीवर आहे.’ शरीर आईला वाचवायला सगळ्यात आधी गर्भाशयाचं रक्त कमी करतं. म्हणजे आई धडधाकट दिसत असतानाच आत बाळ गुदमरायला लागलेलं असतं. आईचा जीव गेला तर बाळ जगण्याची आशा फारच थोडी. बाळासाठी थांबवलेला स्कॅन बाळालाच घेऊन जातो तो असा.

‘मग सोनोग्राफी करा ना, त्यात किरणं नसतात’ हे बरोबरच आहे, आणि पहिल्यांदा तीच करतात. पोटात रक्त साठलंय का, बाळाचे ठोके आहेत का, ते मिनिटांत कळतं. पण फाटलेलं आतडं, मणक्याची चीर तिला दिसत नाही. वार सुटलेली असली तरी बऱ्याचदा सोनोग्राफीत सापडत नाही. म्हणून सहाव्या महिन्यापुढच्या बाईला किरकोळ मार असला तरी बाळाचे ठोके किमान चार तास मशीनवर बघतात. एमआरआयमध्येही किरणं नाहीत. पण रक्त वाहत असलेल्या पेशंटला अर्धा तास त्या बोगद्यात कोण ठेवणार? आणि तालुक्याला एमआरआय आहे कुठं?

सोनोग्राफीचं आणखी एक त्रांगडं आपल्या राज्याला चांगलं ठाऊक आहे. गर्भलिंगनिदानाविरोधातला १९९४ चा कायदा. मशीनची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईमागे ‘एफ’ फॉर्म. मुलींची कत्तल थांबवायला तो हवाच, त्यात ढिलाई नको. पण कॅज्युअल्टीत रक्तस्राव बघायला प्रोब ठेवणाऱ्या डॉक्टरनं कागदाच्या धास्तीनं हात आखडता घेऊ नये, एवढी स्पष्टता जिल्हा आरोग्य यंत्रणेनं प्रत्येक अपघात विभागाला लेखी द्यायला काय हरकत आहे?

शिशाच्या एप्रनचंही असंच. ‘पोटावर एप्रन टाका’ असा आग्रह अजून होतो. सीटीमध्ये बाळाला पोचणारी किरणं बरीचशी आईच्या शरीरातच विखुरलेली असतात, वरून टाकलेला एप्रन त्यांना अडवत नाही. उलट तो मध्ये आला तर मशीन आपोआप मात्रा वाढवू शकतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं नेहमीचा असा एप्रन बंद करा असं सांगितलं.

आता घरातली गोष्ट. आमच्या घरांमध्ये मूल ही अल्लाहची अमानत आहे असं म्हणतात. खरंच आहे. पण आई कुणाची अमानत आहे? दोघांपैकी एकच जीव वाचणार असेल तर आईचा वाचवावा, ती मूळ आहे, असं सांगणारे उलेमा कमी नाहीत. इथं तर एकाची निवड करायचीच नाही, आईला वाचवणं हाच बाळाला वाचवण्याचा रस्ता आहे. अडचणी मानायच्या तर दुसऱ्या आहेत. सीटीचा तंत्रज्ञ पुरुष असतो, हिजाबच्या पिना काढाव्या लागतात, अंगावर चादर कुणी देत नाही. सोबत एक नर्स, एक स्वच्छ चादर एवढ्यात सुटणारा हा प्रश्न आहे. रुग्णालयांनी तो सोडवावा आणि घरच्यांनी त्याचं कारण पुढं करू नये. पदर सांभाळणाऱ्या हिंदू बाईलाही ती चादर तेवढीच हवी असते.

संमती कुणाची? २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सज्ञान बाईच्या उपचाराला संमती तिचीच लागते. त्या खटल्यात आईनं दिलेली संमतीसुद्धा चालली नाही. ती बेशुद्ध असेल आणि जीव धोक्यात असेल तर डॉक्टरनं थांबायचं नसतं. आणि जखमी माणसाला परत पाठवायचं नाही हे न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. तरी कॅज्युअल्टीत कागद नवऱ्यापुढेच सरकवला जातो.

याहून अवघड गोष्ट म्हणजे सगळ्या जखमा रस्त्यावर होत नाहीत. ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ हे वाक्य डॉक्टर रोज ऐकतात. गरोदरपणी मारहाण थांबते असा आपला गोड समज आहे. मारणारा पोटावरही मारतो. अशा वेळी एक्स-रे हा उपचाराबरोबरच पुरावाही असतो. आधी मोडून आपोआप जुळलेली बरगडी, मनगटाचं जुनं हाड फिल्मवर दिसतं. ‘बाळासाठी फोटो नको’ असं सगळ्यात जोरात म्हणणारा माणूस कशासाठी म्हणतोय, हे डॉक्टरनं एकदा मनात आणावं. आणि त्या बाईशी पाच मिनिटं एकटीशी बोलावं. पाळी कधी चुकली हेही तेव्हाच विचारावं, सासरा आणि दीर उभे असताना नव्हे.

स्कॅन झाला, बाई वाचली, टाके निघाले. गोष्ट इथंही संपत नाही. महिन्याभरानं शेजारीण म्हणते, ‘स्कॅन केला होता ना? मूल अपंग होईल.’ मग कुणीतरी डॉक्टर न मोजता सांगतो, पाडून टाका. १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा शेकडो मैल दूरच्या ग्रीसमध्ये नगण्य किरणं पोचली होती. तरी भीतीनं तिथं हवीशी असलेली सुमारे २,५०० बाळं पाडली गेली, असा अंदाज त्रिकोपुलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडला. किरणांपासूनच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं २००० सालापासूनचं म्हणणं आहे की, गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाली असेल तर तेवढ्या कारणासाठी गर्भपात करू नये. ओटीपोटाचा एखादा सीटी या आकड्याच्या बराच खाली राहतो.

सीटीचं मशीन प्रत्येक स्कॅनच्या मात्रेची नोंद स्वतःच काढतं. रुग्णालयानं ती डिस्चार्जच्या कागदांसोबत द्यावी, आणि घरच्यांनी औषधांच्या चिठ्ठीसारखी मागून घ्यावी. उद्या कुणी ‘पाडून टाका’ म्हणालाच, तर त्या बाईनं तो कागद पुढं ठेवून विचारावं, डॉक्टर, माझ्या बाळाला किती मिलिग्रे मिळाले ते मोजलंत का?