दप्तर सुधारलें, न्यायाचें काय?

परदेशांतून येणाऱ्यांची नोंद ठेवणारें सरकारी खातें सुधारूं नये, असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. महिनोन् महिने उत्तराची वाट पाहावी लागणें हीहि एक शिक्षाच आहे. ती यंत्रानें टळत असेल तर यंत्र अवश्य यावें. परंतु दप्तर सुधारलें म्हणजे न्यायहि सुधारला, हें गृहीत आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

इंग्लंडचेंच उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज बेटांतील माणसें तेथें कायदेशीरपणें गेलीं. १९४८ सालीं आलेल्या ‘एम्पायर विंडरश’ जहाजावरून त्यांच्या पिढीस नांव पडलें. १९७१ च्या कायद्यानें, आधीं स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क कायम राखला. पण त्याचा कागद अनेकांच्या हातीं दिला नाहीं. २०१० सालीं गृहखात्यानें त्या काळच्या आगमनाच्या चिठ्ठ्या नष्ट केल्या. पुढें २०१४ च्या कायद्यानें घरमालकांस व बँकांस हा हक्क तपासावयास लावलें. पुरावा नाहींसा करणाऱ्यानेंच पुरावा मागावा, याला काय म्हणावें? कित्येकांची नोकरी गेली, कित्येकांचें घर गेलें, निदान ८३ जण देशाबाहेर धाडले गेले. २०१८ सालीं हें उघडकीस आलें व त्या गदारोळांत गृहमंत्रीबाईंस पद सोडावें लागलें.

त्याच खात्यानें आतां परकीय रहिवाशांच्या हक्काची नोंद संगणकांत नेली आहे. हातांतील बहुतेक ओळखपत्रांची मुदत २०२४ च्या अखेरीस संपली. यापुढें घर वा नोकरी हवी असेल तर संकेतांक काढून दाखवावयाचा. कागद हरवतो, त्याची नक्कल होते, हा आक्षेप खरा आहे. परंतु यंत्रहि चुकतें, आणि पक्षपातहि करतें. व्हिसाच्या अर्जांची वर्गवारी करणाऱ्या तेथील संगणकी पद्धतींत अर्जदाराचें राष्ट्रीयत्व हाहि एक निकष होता; न्यायालयांत आव्हान मिळाल्यावर २०२० सालीं ती बंद करावी लागली.

ज्यांचीं मुलें आज लंडनला वा लीड्सला आहेत, अशा वाचकांस हा प्रश्न परका वाटूं नये. आमचें मागणें थोडें आहे. नोंद संगणकांत खुशाल ठेवा, पण तिची अधिकृत प्रत माणसाच्या हातीं द्या. अर्ज नाकारलात तर कारण लिहून द्या, आणि दाद ऐकावयास यंत्र नव्हे, माणूस बसवा. नोंदींत गोंधळ झाला तर तो निस्तरेपर्यंत त्याचा हक्क अबाधित राहूं द्या. सरकारच्या चुकीचा दंड रहिवाशानें भरावा, ही रीत जुनीच आहे; ती वेगानें चालूं लागली म्हणून तिला सुधारणा म्हणतां येणार नाहीं.