पोचा कोणाकडे काढायचा?

रिक्षाने दार घासलं की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचं की कोपऱ्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे, यावर सोसायटीत लगेच दोन पक्ष पडतात. दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर असतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये पेंट बूथ असतो, कोडनुसार मिसळलेला रंग, कॅशलेसची सोय आणि पक्कं बिल मिळतं. पण तिथला ओढा दुरुस्तीपेक्षा पार्ट बदलण्याकडे. बंपरची क्लिप तुटली तरी एस्टिमेटमध्ये अख्खा बंपर येऊ शकतो. विमा आहे म्हणून आपणही मान डोलावतो आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो हे बिल हातात आल्यावर कळतं. (झीरो डेप घेतलेल्यांनी हे वाक्य सोडून द्यावं.) शिवाय पाच वर्षं क्लेम न करता जमवलेला 50 टक्के नो क्लेम बोनस एका किरकोळ क्लेमने शून्यावर येतो. समजा, गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता बोनसआधी 12 हजार आहे. मग पुढच्याच वर्षी सहा हजार जादा जातात. चार हजारांच्या पोच्यासाठी हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

चांगला मिस्त्री पत्रा आतून ठोकत मूळ आकाराला आणतो, बदलत नाही. घाईतला मिस्त्री तोच खड्डा पुट्टीने भरतो. वरून रंग चढला की दोन्ही कामं सारखीच चकाचक दिसतात, आणि खरी अडचण हीच आहे. जाड पुट्टीला पुढे तडे जातात. खालचा पत्रा नीट घासून प्रायमर मारला नसेल, तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत गंज धरून रंगाला फुगे येतात.

‘लोकल माल टाकतात’ हा आरोपही नेहमीचा. तो खोटा नाही, पण दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता, तो स्वतंत्र गॅरेजना अस्सल सुटे भाग आणि तांत्रिक माहिती मोकळेपणाने मिळत नव्हती म्हणूनच. पुढे अपिलं झाली, पण तक्रार हवेतली नव्हती.

आमच्या मते चेसिस वाकली असेल, एअरबॅग उघडली असेल किंवा सेन्सरला धक्का बसला असेल, तर सर्व्हिस सेंटरच गाठावं. तिथे पैसे वाचवू नयेत. नुसत्या पत्र्याच्या कामाला ओळखीचा मिस्त्री पुरतो. पण ओळख म्हणजे गोड बोलणं नव्हे. पुट्टी लावण्याआधी पत्रा दाखवायला तो तयार आहे का, काढलेला जुना पार्ट परत देतो का, वर्षापूर्वी रंगवलेली एखादी गाडी दाखवू शकतो का, हे विचारावं. शंका असेल तर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवावं. पुट्टीचा थर जाड असेल तिथे ते धरत नाही. आणि ‘जुने ओरखडेही क्लेममध्ये बसवून देतो’ असं कुणी म्हणालं, मग तो सर्व्हिस सेंटरचा का असेना, तर गाडी तिथे ठेवू नये.

किल्ली देण्याआधी प्रत्येक कामाचा वेगळा दर लिहून घ्या आणि रंग चढण्याआधी गॅरेजमध्ये एक चक्कर माराच.