पाटी बदलली, लढाई संपली नाही

अमेरिकेतील अलाबामा राज्याची राजधानी असलेल्या माँटगोमेरी शहराने २०२१ मध्ये एका रस्त्याचे नाव बदलले. गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेतील राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या नावाऐवजी तेथे फ्रेड ग्रे या कृष्णवर्णीय वकिलाचे नाव देण्यात आले. जुन्या स्मारकांना संरक्षण देणाऱ्या २०१७ च्या कायद्याचा भंग झाल्याचा ठपका ठेवून राज्याने शहराला २५ हजार डॉलरचा दंड ठोठावला. शहराने दंड भरला. नाव मात्र बदलले नाही. ग्रे यांचे बालपण याच रस्त्यावर गेले होते.

१९३० मध्ये जन्मलेल्या ग्रे यांच्यासाठी त्यांच्याच राज्यातील विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची दारे बंद होती. क्लीव्हलँड येथे कायद्याची पदवी घेऊन १९५४ मध्ये ते परतले. उत्तरेत राहून सुखाने वकिली करणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु जेथे वर्णभेदाचे कायदे राबविले जात होते, तेथेच ते मोडून काढायचे, असा त्यांचा निर्धार होता.

रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर डिसेंबर १९५५ मध्ये सुरू झालेला माँटगोमेरीचा बसबहिष्कार ३८१ दिवस चालला. तो इतिहासात अजरामर झाला. पण बसमधील वर्णभेदाला कायदेशीर मूठमाती मिळाली ती 'ब्राउडर विरुद्ध गेल' या खटल्यामुळे. पार्क्स यांच्यावरील फौजदारी खटला राज्याच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे रेंगाळेल, हे ओळखून ग्रे यांनी अन्य कृष्णवर्णीय महिलांच्या वतीने थेट संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला. त्यांत अवघ्या पंधराव्या वर्षी अटक झालेली क्लॉडेट कॉल्विनही होती. एका वादी महिलेने माघार घेताच खुद्द ग्रे यांच्यावरच आरोप ठेवण्यात आले. ते टिकले नाहीत. नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रे यांच्या बाजूने लागलेला निकाल कायम केला.

त्यानंतर टस्कीगी शहराचा प्रश्न उभा राहिला. चौकोनी असलेली शहराची हद्द १९५७ मध्ये अठ्ठावीस बाजूंची करून सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सर्वांना शहराबाहेर ढकलण्यात आले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही हातचलाखी घटनाबाह्य ठरविली. याच परिसरात सरकारी आरोग्य सेवेने १९३२ पासून चाळीस वर्षे सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास चालविला. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही रुग्णांना ते दिले गेले नाही. ग्रे यांनी १९७३ मध्ये दावा दाखल केला आणि पुढील वर्षी सुमारे एक कोटी डॉलरची तडजोड झाली. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची जाहीर माफी येण्यास मात्र १९९७ साल उजाडले.

ग्रे यांचा स्वतःचा मार्गही निष्कंटक नव्हता. १९७० मध्ये ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले. मात्र राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी संघराज्य न्यायाधीशपदासाठी केलेली त्यांची शिफारस विरोधामुळे मागे घ्यावी लागली. ज्या राज्याने त्यांना शिक्षण नाकारले, तेथील वकील संघटनेचे ते २००२ मध्ये पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. २०२२ मध्ये त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान प्रदान करण्यात आला.

तथापि, या गौरवाने प्रश्न मिटत नाही. मतदान हक्क कायद्यातील एक प्रमुख तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निष्प्रभ केली. तो खटला अलाबामातील शेल्बी काउंटीचा होता. लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक असूनही सात मतदारसंघांपैकी एकातच त्यांचे बहुमत राखणाऱ्या राज्याच्या नकाशाविरुद्ध त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये कौल दिला, तोही पाच विरुद्ध चार असाच. पुनर्रचनेनंतर माँटगोमेरी व टस्कीगी यांचा समावेश असलेल्या मतदारसंघातून २०२४ मध्ये शोमारी फिगर्स हे कृष्णवर्णीय उमेदवार विजयी झाले.

टस्कीगीची हद्द ते मतदारसंघांचा नकाशा, या सहा दशकांत रेषा ओढण्याची हत्यारे बदलली, हेतूविषयीचा संशय तसाच राहिला. न्यायालयात मिळविलेला हक्क एका मताच्या फरकाने न्यायालयातच क्षीणही होऊ शकतो. म्हणूनच ग्रे यांच्या कारकिर्दीचे मोल जिंकलेल्या खटल्यांच्या संख्येत नाही. प्रत्येक निकालानंतर पुढचा दावा तयार ठेवण्याच्या चिकाटीत ते आहे.