स्वभावाला औषध आहे

वर्षावासात आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालतं. तिसऱ्या खंडात, ‘धम्म म्हणजे काय’ या भागात, बाबासाहेब शून्यतेवर अगदी थोडकं लिहितात. तिथे आलं की वाचणारा दरवर्षी आवाज खाली घेतो आणि पटकन पुढे सरकतो. यंदा इंजिनिअरिंगच्या एका पोराने अडवलं. म्हणाला, “ताई, सगळं शून्य असेल तर मग खैरलांजीही शून्यच म्हणायची का?”

सभेत चुळबुळ झाली. कोणीतरी त्याला गप्प बसवायला निघालं होतं. पण पोरगा बरोबर ठिकाणी बोट ठेवत होता. त्याच्या आधी सुमारे अठराशे वर्षं हाच प्रश्न बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने स्वतःच स्वतःला विचारून ठेवलाय. त्याच्या ‘मूलमध्यमककारिके’चं चोविसावं प्रकरण आक्षेपानेच सुरू होतं. सगळं शून्य असेल तर दुःख नाही, दुःखाचं कारण नाही, निरोध नाही, मार्ग नाही. मग संघ नाही, धम्म नाही, बुद्धही नाही. विरोधकाला इतकं मोकळेपणी बोलू देणारे ग्रंथकार कमीच. उत्तर मात्र सडेतोड आहे. नागार्जुन म्हणतो, ही अडचण माझी नाही, तुमची आहे. प्रत्येक वस्तूला तिचा स्वतःचा, कशावरही न विसंबणारा, कोणी न घडवलेला असा स्वभाव असतो असं तुम्ही धरून चालता. तसा स्वभाव असता तर दुःख उत्पन्नही झालं नसतं आणि संपलंही नसतं. ते शून्य आहे, म्हणूनच ते कारणांनी येतं आणि कारणं हटली की जातं.

हे मला पोथीतून आधी कळलं नाही. माझी सगळी नोकरी टीबीच्या कार्यक्रमात गेली. उत्तर नागपूरच्या वस्त्यांमध्ये डॉट्सच्या गोळ्या एक दिवसाआड समोर उभं राहून गिळायला लावायच्या, हे माझं काम होतं. गोळी जिभेखाली दडवून बाई जाताच थुंकणारे बहाद्दर मी पुष्कळ पाहिलेत. त्याहून अवघड माणसं म्हणजे ज्यांना वाटायचं की गोळीने काही होणार नाही. दगड फोडण्याच्या कामावर जाणाऱ्या एका रोग्याची आई मला दारातच म्हणाली, “बाई, हे यांच्या खानदानातच आहे. याचा बाप खोकून गेला, काका गेला. आता हा.”

घर म्हणजे एक खोली. खिडकी नाही. पाच माणसं शेजारी शेजारी झोपणारी. बापही दगडाच्याच कामावर होता, काकाही. आता यात खानदान कुठे आलं?

पण मग टीबी कुठे असतो? जंतूत असतो म्हणाल, तर तो जंतू शास्त्रज्ञ कॉखने १८८२ मध्ये दाखवला हे खरं. मात्र तो आपल्या देशात कोट्यवधी लोकांच्या शरीरात शिरून बसलाय आणि त्यांतल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांना आयुष्यभर काही होत नाही. जंतूशिवाय टीबी नाही, आणि नुसत्या जंतूनेही टीबी नाही. उपासमार, दगडाची धूळ, कोंदट खोली, दारू, मधुमेह, उशिरा झालेली तपासणी, यांतलं एकेक बाजूला काढत गेलात तर शेवटी ‘हा पाहा खरा टीबी’ म्हणून हातात धरता येईल असं काहीच उरत नाही. तरी तो दगड फोडणारा रोगी रक्त ओकत होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं असणं, म्हणजे शून्यता.

झारखंडमध्ये रोग्यांच्या घरच्यांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहिलं गेलं. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: त्या घरांतल्या माणसांना नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. रोग ‘खानदानात’ असता तर डाळभाताने कसा हटला असता?

आपल्याकडे म्हणतात, स्वभावाला औषध नाही. नागार्जुनाने ही म्हण ऐकली असती तर तो म्हणाला असता, अगदी बरोबर. आणि औषध लागू पडतं हे तर रोज दिसतं, तेव्हा स्वभाव नाही. बाबासाहेबही त्या थोडक्या ओळींत तेच सांगतात. शून्यता म्हणजे सर्वनाश नव्हे. क्षणोक्षणी चाललेला बदल आहे, आणि तो नसता तर जगात काहीच घडू शकलं नसतं. ‘तुमच्या जातीचं हे असंच’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या माणसाने या ओळी दबक्या आवाजात वाचाव्यात, याचं मला नवल वाटतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कारिकांमध्ये नागार्जुन जातीवर लिहीत नाही. त्याचं मुख्य भांडण आपल्याच घरातल्या बौद्ध पंडितांशी होतं. माणसात आत्मा नाही हे त्यांना मान्य होतं, पण माणूस ज्या घटकांचा बनला त्या प्रत्येक घटकाला त्यांनी पक्का स्वभाव देऊन टाकला होता. पण युक्तिवाद एकदा हाती आला की तो कुठे चालवायचा हे आपण ठरवायचं. गीतेच्या अठराव्या अध्यायात चार वर्णांची कामं स्वभावातून उपजलेल्या गुणांप्रमाणे वाटलेली आहेत. त्याचा अर्थ कोणी कितीही मवाळ लावो, माझ्या आजीच्या हातात झाडू आला तो अशाच वाटणीतून. स्वभाव नावाची गोष्टच नाही असं कोणी सिद्ध करत असेल, तर ते तत्त्वज्ञान आमच्या वस्तीला परकं कसं? आणि जातीपुरतं बोलायचं तर स्वतः बुद्धाने ‘वासेट्ठसुत्ता’त गवत, किडे, पशू यांच्या जाती जन्मखुणांनी वेगळ्या दाखवून माणसात तशी खूण नाही, माणूस कामाने ओळखला जातो, हे स्पष्ट सांगितलं आहे.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. खैरलांजी घडली. २९ सप्टेंबर २००६ ला त्या गावात भोतमांगे या दलित कुटुंबातली चार माणसं मारली गेली. शून्यता याला ‘झालंच नाही’ म्हणत नाही. व्यवहाराचं सत्य आणि परमार्थाचं सत्य यांतला फरक न समजणाऱ्याला बुद्धाची शिकवण कळत नाही, असं नागार्जुन त्याच प्रकरणात म्हणतो, आणि व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ सांगताच येत नाही, हेही लगेच जोडतो. शून्यता एवढंच म्हणते की हे नशिबाने झालं नाही, कोणाच्या रक्तात होतं म्हणून झालं नाही, कारणांनी झालं. म्हणून कारणं मोजा, एकही गाळू नका. खटल्यात शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली कोणी दोषी ठरलं नाही. माझ्या मते तिथे नेमकं एक कारण मोजायचं राहिलं.

“मन रिकामं करा, शून्य व्हा” असं सांगत शनिवार-रविवारची शिबिरं भरवणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. ‘चूळसुञ्ञत’ सुत्तात बुद्ध आनंदाला सांगतात की श्रावस्तीचा हा प्रासाद हत्ती-गाईंपासून शून्य आहे, पण भिक्खुसंघापासून नाही. कशापासून शून्य ते नेमकं सांगा; जे आहे ते आहे म्हणा. शिबिरवाल्यांनी एवढं पाळलं तरी पुरे.

विरोधकांनी शून्यतेला वेडेपणा ठरवलं, याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. शंकराचार्यांनी तर शून्यवादाचं खंडन करण्याचीही गरज मानली नाही. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचं रूपक आहे, त्यात गणपतीचा मोडलेला दात म्हणजे खंडित झालेलं बौद्धमत. तो वाद मोठ्या माणसांचा होता. पण शून्यता चुकीच्या बाजूने धरली तर नीट न पकडलेल्या सापासारखी धरणाऱ्याचाच घात करते, हे सांगणारा खुद्द नागार्जुन आहे. शून्यतेलाच मत बनवून बसलेल्यांना तर त्याने असाध्य ठरवलंय. औषधच ज्याचा रोग झालं, त्याला गोळी कोणती देणार?

तिबेटी परंपरा नागार्जुनाचा जन्म विदर्भातला सांगते. त्याला पुरावा म्हणावा असं काही नाही, पण नागपूरकराला ऐकायला बरं वाटतं. रामटेक-मनसरकडे त्याच्या नावाने टेकडीही दाखवतात. टेकडी चढून या, हरकत नाही. पण कारिकाही वाचा. त्यात सत्तावीस प्रकरणं आहेत. पहिल्यापासून सुरू करू नका, ते नवख्या माणसाला दमवतं. चोविसावं आधी घ्या, आणि त्यातला आक्षेप मोठ्याने वाचा.