बेचिराग म्हणजे काय?



वनहक्काचे दावे भरताना एका कचेरीत आम्हाले सांगण्यात आलं, "हे गाव कागदावर बेचिराग आहे, इथं ग्रामसभा कुठून आणता?" सोबत पोडावरची म्हातारी होती. ती म्हणाली, "दिवा तं रोज लागते आमच्या घरी." शब्दाचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता, पण उत्तर नेमकं दिलं.

बेचिराग हा शब्द फारसी. बे म्हणजे विना, चिराग म्हणजे दिवा. जिथं दिवा लावाले माणूस राहिला नाही ते गाव बेचिराग. आपलं दारव्हा वऱ्हाडात. १८५३ पर्यंत वऱ्हाड निजामाकडे होता आणि दफ्तरात फारसी चाले. निजाम गेला, इंग्रज गेला, शब्द महसुलात बसून राहिला. बोलता बोलता त्याचं बेचिराख झालं, अन् लोकांना वाटू लागलं की यात राख आहे, गाव जळून संपलं.

आपण अशा जागेले रिठ म्हणतो. पेपरवाले नामशेष लिहितात, म्हणजे नाव तेवढं शेष. चित्त्याबद्दल ते ठीक होतं. १९५२ साली सरकारनंच तो देशातून संपल्याचं जाहीर केलं. गावाचं तसं नसते. बेचिराग गावाची शिव राहते, शेतं राहतात, वहिवाटही चालू असते. माणसं परत येऊन राहतात, मात्र कागद कोणी दुरुस्त करत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यात जुन्या वस्त्या अन् मोजणी न झालेली गावंही 'गाव' धरली आहेत, नोंद असो की नसो. कलम ३ प्रमाणे त्यांना महसुली गाव करून घेण्याचा हक्क आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी बेकायदा हुसकावलं आणि पुनर्वसन दिलं नाही, तर तोही हक्क त्याच कलमात आहे.

पुरावा म्हणून जुनी विहीर, घराचे अवशेष, मसणवटी, देवाचं ठाणं चालते. ग्रामसभेनं हे सगळं जागेवर जाऊन लिहून काढावं. म्हाताऱ्या माणसांचे जबाब आधी घ्या, पावसाळ्याची वाट पाहू नका. एक ध्यानात ठेवा: ज्याचा दावा त्याचाच जबाब चालत नाही, दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लागतो. जबाब लिहून झाला की त्याले वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या.